भोंग्याचा खोडवा

इंदापूर,
३ डिसेंबर २०२५

समस्त भोंगा मंडळी,
मुक्काम सोनबाचा गोठा, माळेगाव बुद्रुक.

सप्रेम सलाम. विनंती विशेष नाही, तक्रार विशेष आहे.

हे पत्र कुणी आधीच फोडून वाचलं असेल तर त्याला सोनबाच्या म्हशीची शपथ. रिवाज तोच. लिफाफा गोठ्यात फोडायचा, चौघांनी समोर बसायचं आणि ज्याची पाळी असेल त्यानं एकही ओळ न गाळता मोठ्यानं वाचायचं. पहिल्या कॅसेटच्या पाठीवर तुम्हीच छापलं होतं, ‘आवडलं नाही तर पोस्टानं कळवा.’ तेव्हापासून मी कळवतोय. दुसरं कोणी कळवत नाही, हे दिग्विजयनं एकदा स्वतःच कबूल केलं होतं.

तर तुमचा नवा अल्बम ‘खोडवा’ मिळाला. सोळा वर्षं वाट बघायला लावलीत. मधल्या काळात माझी दाढी पांढरी झाली, सोनबा आजोबा झाला आणि कॅसेटचं दुकान होतं तिथं पनीर मिळायला लागलं. नाव मात्र झकास आहे. तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून जो पुन्हा फुटतो तो खोडवा. पन्नाशी ओलांडलेल्या चार बाप्यांच्या रॉक बँडला याहून योग्य नाव सापडलं नसतं. साजिया म्हणाली, "खोडव्याला एकरी उतारा कमी पडतो." मी म्हटलं, अगोदर ऐकू तर दे.

ऐकलं नेहमीच्या ठिकाणी. डाळिंबाचे क्रेट भरले, पिकअप काढली, पेनड्राइव्ह लावला. मोबाइलवर गाणी ऐकणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलणं. ते मी करत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

पहिलं ‘मळीचा वास’. सोनबा, तुझा हात म्हातारा झालेला नाही. ड्रम असा येतो, की माझ्या खिडकीला लटकून कुणीतरी वाजवतंय. गेणबाचा बेस नेहमीसारखा, आहे हे नसल्यावर कळेल. ‘नंबर कधी लागणार’मध्ये दिग्विजयचा आवाज घोगरा झालाय, पण शोभतो. ‘उजनीचं पाणी’ मात्र मला अजिबात आवडलं नाही. तुम्ही बारामतीकर, तुम्हाला तुमचा कालवा आहे. आमच्या उजनीवर तुम्ही गाणं रचायचं कारण काय?

आता मुख्य मुद्दा, युवराज. त्याची गिटार दिग्विजयला बोलूच देत नाही, हे मी पहिल्यापासून लिहीत आलोय. यानं तोंड उघडलं की तो सुरू. आणि यंदा तुम्ही गिटार काढूनच टाकलीत! आठच्या आठ गाण्यांत नाही म्हणजे नाही. गड्यांनो, मिठी मारावीशी वाटली. किती ऐसपैस झालंय सगळं. ‘शेवटची खेप’मध्ये दिग्विजय ‘फाटक मिटलं’ म्हणून थांबतो आणि पुढं कुणीच काही वाजवत नाही. नुसतं रिकामं. मी कळस गावाजवळ गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. साजिया शेजारीच होती, तिला विचारा.

एक जुनी तक्रार राहिलीच. बँडचं नाव भोंगा आणि एकाही गाण्यात भोंगा नाही. कारखान्याचा भोंगा पहाटे लांबून येतो तसा एकदा तरी वाजवा, हे किती पत्रांत मागितलं. यंदाही नाही. पण त्या रिकाम्या जागेसाठी माफ केलं.

२५ जानेवारीच्या रविवारचा कार्यक्रम पक्का. मार्केट यार्डाजवळचं मैदान मिळालंय. त्यासाठी ज्यांच्याशी बोलत नव्हतो त्यांच्याशीही बोललो. चौघंही या. युवराज, तू रिकाम्या हातानं आलास तरी चालेल. एवढा समजूतदारपणा दाखवलास, तुझा शाल देऊन सत्कारच करतो.

तुमचा,
आरिफ तांबोळी

०

माळेगाव बुद्रुक,
११ डिसेंबर

आरिफ,

वाचायची पाळी युवराजची होती.

म्हशीच्या शपथेपर्यंत सगळे हसत होतो. उजनीवरून सोनबा म्हणाला, "ह्यो पाणी सोडून बोलतच न्हाय." मग युवराजचं नाव आलं. मला वाटलं हा आता कागद खाली ठेवील. पण रिवाज म्हणजे रिवाज. त्यानं एकही ओळ गाळली नाही. शाल, सत्कार, सगळं एका आवाजात वाचलं, ऊस-तोडणीचं वेळापत्रक वाचावं तसं. मग पत्राची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि गिटारची वायर गुंडाळायला लागला.

सोनबा म्हणाला, "आरं, टोमणा मारलाय त्येनं. आरिफ हाय त्यो."

युवराज म्हणाला, "त्यो एकच तर नीट ऐकतो आपल्याला. त्येला न्हाय ऐकू आली, म्हंजी न्हायच वाजली."

आणि गेला. तेव्हापासून गोठ्यावर आलेला नाही. फोन केला तर म्हणतो, पंप दुरुस्तीची कामं आहेत, इंदापूरला तिघं जा. तिघं आम्ही जाणार नाही. भोंगा चौघांचा, नाहीतर बंद. मी कारखान्याच्या काट्यावर बसून रोज उसाच्या गाड्या मोजतो, तसाच पुढंही मोजीन.

तुझ्या टोमण्यांची आम्हाला सवय आहे. गिटार भिकार आहे असं लिहिलं असतंस तर त्यानं चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी आला असता. पण आठही गाण्यांत वाजलेली गिटार ‘नाहीच’ म्हणायचं, वर त्याबद्दल सत्कार करायचा, हा कुठला विनोद? माणसाला एवढं लागेल असं बोलू नये.

साजियाभाभींना सलाम सांग. तुला नाही.

दिग्विजय

०

इंदापूर,
१६ डिसेंबर

दिग्विजय,

मी टोमणा मारलेला नाही. आयुष्यात एकदाच साधं लिहिलं आणि तेच तुम्हाला वाकडं दिसलं.

तुझं पत्र आल्यावर पुन्हा गाडीत जाऊन बसलो. पार कुरकुंभपर्यंत गेलो आणि आलो, डिझेल जाळलं. गिटार नाही. सोनबा आहे, गेणबा आहे, तू आहेस. युवराज नाही. मला काही कमी ऐकू येतं का? परवा मार्केटात तीन ओळी पलीकडं एक व्यापारी माझ्या डाळिंबाला नावं ठेवत होता, तेही मी ऐकलं.

आता मला वेगळाच संशय येतोय. माझी पत्रं वाचून वाचून तुम्हीच त्याची गिटार काढली असेल, त्याला न सांगता. पत्र वाचताना ते उघड झालं आणि आता माझ्यावर ढकलताय. असं असेल तर दिग्विजय, फार वाईट केलंस. मी गिटार कमी करा म्हणत होतो, माणूस कमी करा असं कधी म्हटलं?

तो खरंच असं म्हणाला, की मी एकच नीट ऐकतो? माझा समज होता, की माझी पत्रं वाचून तो दात-ओठ खात असेल.

पोस्टर छापून आलीत. चौघांचे फोटो आहेत. त्यात युवराजचा सगळ्यात मोठा आहे, कारण त्याच्याच फोटोत केस आहेत. भोंगा माझ्यामुळं बंद पडला तर मी कुठल्या तोंडानं गाडी चालवू? त्याला आण. हात जोडतो.

आरिफ

०

माळेगाव बुद्रुक,
२२ डिसेंबर

आरिफ,

तुझा संशय मी गोठ्यात वाचून दाखवला. सोनबाला एवढा राग आला की म्हैस उठून उभी राहिली.

ऐक आता. या वेळी आम्ही गोठ्यात जसे उभे राहतो तसंच रेकॉर्डिंग केलं. मी आणि गेणबा मधे, सोनबा उजवीकडं, युवराज डावीकडं गव्हाणीपाशी. रेकॉर्डिंगवाल्या मुलांनी मशीनवरही आम्हाला तसंच उभं केलं. ऐकणाऱ्याला गोठ्यात बसल्यासारखं वाटावं, ही कल्पना युवराजचीच.

आणि ‘शेवटची खेप’मध्ये मी थांबतो तिथं रिकामं नाही. तिथं भोंगा आहे. गिटारवर काढलेला. युवराज महिनाभर पहाटे उठून कारखान्याच्या मागच्या शेतात जाऊन बसायचा, ते लांबून येणं जमेना म्हणून. मी म्हटलं, "कुणासाठी एवढं करतोस? लोकांना काय कळणार हाय?" तर म्हणाला, "लोकांचं ऱ्हाऊ दे. आरिफचं मागणं हाय, खोडव्यात तरी फेडू."

आणि तू त्याला लिहिलंस, भोंगा नाही ते माफ केलं.

आज सकाळी युवराजच्या घरी गेलो तर तो मोटारसायकल घेऊन बाहेर पडलेला. कुठं ते घरी सांगितलं नाही.

दिग्विजय

०

इंदापूर,
२३ डिसेंबर

दिग्विजयभाऊ,

सलाम. मी साजिया. आमच्या ह्यांच्या पत्रांना इतकी वर्षं तिकिटं मी चिकटवली, आज पहिल्यांदा स्वतः लिहितेय, कारण ह्यांची लिहायची हिंमत नाही.

काल युवराजभाऊ आले. आम्ही दारात डाळिंबं निवडत होतो. त्यांनी पाणी घेतलं, बसा म्हटलं तर बसले नाहीत. ह्यांना म्हणाले, "आरिफ, गाडीत बस. तू काय ऐकलंस, त्ये मला ऐकीव."

हे ड्रायव्हरच्या जागी बसले. युवराजभाऊ माझ्या जागी. मी चहा घेऊन दाराशी उभी. ह्यांनी ते शेवटचं गाणं लावलं. दोघंही समोर बघत बसलेले, मुलगी बघायला आल्यासारखे. तुम्ही ‘फाटक मिटलं’ म्हणालात आणि थांबलात. हे हळूच म्हणाले, "बघ. हाय का काही?"

मला वाटलं, आता भांडण होणार. पण युवराजभाऊ खाली वाकले. दाराच्या जाळीला कान लावला. मग जाळीवर टिचकी मारली.

"ह्यो मुका हाय," म्हणाले.

"कोण मुका?"

"ह्यो स्पीकर. आरिफ, आरं मी हितं हाय. ह्येच्यात."

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी चहा घेऊन मागं सरकत होते.

वायर मी काढली, भाऊ. गेल्या उन्हाळ्यात. तो स्पीकर माझ्या गुडघ्यापाशी. गाणं लागलं की मी बोललेलं ह्यांना ऐकू जात नाही. दिवसभर धंदा, माणसं, फोन. दोघांना बोलायला मिळतं ते गाडीतच, तिथंही हे ड्रमच्या नादात मान हलवणार आणि मला वाटणार माझ्या बोलण्याला हो म्हणतायत. म्हणून एक दिवस जाळी उघडली आणि वायर ओढली. तेव्हापासून निदान ‘हं’ तरी म्हणतात. तुमच्या जुन्या गाण्यांत दोन्हीकडं सारखंच वाजतं, त्यामुळं ह्यांना पत्ता लागला नाही; यंदा युवराजभाऊ एकट्या डाव्या बाजूला. एवढे दिवस डावी बाजू बंद आहे आणि ह्यांना कळलं नाही. आणि हे तुमची पत्रातून परीक्षा घेणार!

मला वाटलं युवराजभाऊ रागावतील. ते हसले पण नाहीत. म्हणाले, "भाभी, वायर जोडू नका. पुन्यांदा असंच लावा." पुन्हा गाणं लागलं. ती जागा आली, गेली. त्यांनी डोळे मिटलेले. मग खाली उतरले, चहा एका घोटात प्याले आणि म्हणाले, "हितं मोकळं लई चांगलं वाटतंय वो." एवढं बोलून किक मारली. इंदापूरला येणार का विचारलं, तर म्हणाले, "बघू."

माझा त्यांच्या गिटारवर राग नाही, एवढं त्यांना सांगा. मी तर ती धड ऐकलेलीच नाही. आणि हे कालपासून जेवलेले नाहीत, म्हणजे ताटात वाढलेलं संपवलं, पण चव घेतली नाही.

साजिया

०

इंदापूर,
२ जानेवारी २०२६

युवराज,

हे पत्र गोठ्यातलं नाही, तुझं एकट्याचं. मोठ्यानं वाचू नकोस.

साजिया वायर जोडू देत नाही. म्हणते, युवराजभाऊ सांगत नाहीत तोवर राहू दे. म्हणून मंडपवाल्याकडं गेलो, त्याचे दोन मोठे बॉक्स लावले, मधे खुर्ची टाकली आणि ‘खोडवा’ पहिल्यापासून ऐकला. माझ्या पत्रातली तुझ्याबद्दलची प्रत्येक ओळ मी परत घेतो. उजनीची मात्र ठेवतो.

मग ‘शेवटची खेप’ आली. युवराज, तुला कधी सांगितलं नाही मी भोंगा का मागत होतो. आम्ही तेव्हा माळेगावातच राहायचो. अब्बा कारखान्यात बॉयलरवर हंगामी होते. पहाटेचा भोंगा झाला की अम्मी चहा ठेवायची, कारण अब्बा आता निघाले असणार. मी गोधडीतून ऐकायचो. अगोदर शंका यायची, की भोंगा झाला की नुसता कान वाजला, मग आवाज भरत जायचा. तू तस्साच काढलास. त्या शंकेसकट. मंडपवाला विचारत होता, "तांबोळी, काय झालं?" मी म्हटलं, चहा आण.

आता खरं सांगतो, नाहीतर तू ओळखशीलच. रिकामं जास्त चांगलं की भोंगा जास्त चांगला, मला ठरवता येत नाही. रात्रंदिवस भांडतोय स्वतःशी. तुला खूश करायला ‘भोंगा’ लिहिलं तर ते खोटं आहे हे तुला कळेल आणि पुन्हा माझं एकही पत्र खरं मानणार नाहीस.

म्हणून एवढंच मागतो. २५ तारखेला ये. त्या जागी वाजव, नाहीतर वाजवू नकोस, तुझी मर्जी. पण डावीकडं उभा राहा. ती जागा रिकामी ठेवायची तरी तूच लागतोस. दुसरा कोणी तिथं गप्प राहिला तर त्याला काही अर्थ नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. आलास की कळेल.

आरिफ

०

इंदापूर,
२८ जानेवारी

समस्त भोंगा मंडळी,
मुक्काम सोनबाचा गोठा.

हे पत्र मोठ्यानं वाचा. पाळी कुणाचीही असो, युवराजला वाचायला लावा.

तुम्ही म्हणाल, कार्यक्रम आम्हीच केला, आम्हाला काय सांगतोस. पण तुम्ही स्टेजवर होता. समोरून काय दिसलं ते मलाच माहीत.

टेम्पोतून तिघंच उतरलात तेव्हा मी टेम्पोत वाकून बघितलं, आत कुणी नव्हतं. दिग्विजय माझ्याकडं न बघता माइक बघत होता. मी पोस्टरवरच्या युवराजच्या फोटोसमोर उभा राहून मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या आणि लगेच परत घेतल्या. लोक भरत चालले होते. तेवढ्यात ती मोटारसायकल आली, पाठीला गिटार बांधलेली. हा उतरला, मला म्हणाला, "शाल कुठंय?" आणि सरळ डावीकडं जाऊन उभा राहिला. खरं तर माझा कार्यक्रम तिथंच पूर्ण झाला होता.

पहिली सात गाणी कशी झाली ते लिहीत नाही, उगाच शेफाराल. उजनी आमच्या मैदानात येऊन गायलात, त्याचा वेगळा हिशोब करू.

‘शेवटची खेप’. दिग्विजय थांबला. मी युवराजच्या हाताकडं बघत होतो. त्यानं तारांवर पंजा ठेवला आणि ठेवलेलाच ठेवला. वाजवलं नाही. सगळं मैदान गप्प. अगदी माझ्या गाडीतल्यासारखं. मला कळलं, हे त्यानं माझ्यासाठी केलं आणि भरून आलं.

पण लोक! त्यांनी सगळ्यांनी मोबाइलवर ऐकलेलं. त्यांना त्या जागी भोंगा पाहिजे होता. मागच्या बाजूनं, ट्रॅक्टर लावले होते तिथून, कुणीतरी तोंडानं सुरू केलं. बारीक, लांबून. मग दुसऱ्यानं धरलं, मग बायकांच्या बाजूनं आलं. सगळं मैदान भोंगा झालं. मी वळून बघतो तर साजिया तोंडाशी दोन्ही हात धरून माझ्या शेजारी! आणि तो आवाज पुरता भरला तेव्हा युवराजनं तारांवरचा पंजा उचलला आणि त्यातच आपला मिसळला. कुठं लोक संपतात आणि कुठं गिटार सुरू होते, माझ्यासारख्या कान असलेल्या माणसालाही सांगता आलं नाही. माझं भांडण मिटलं. रिकामंही पाहिजे आणि भोंगाही पाहिजे.

घरी आल्यावर साजियानं आपण होऊन जाळी उघडली आणि वायर जोडली. म्हणाली, "एवढं चांगलं वाजवतात हे मला आधी कुणी सांगितलं न्हाय." मी म्हटलं, तूच तर त्याला मुका केलास. त्यावर जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

आता ‘खोडवा’ दोन्ही बाजूंनी वाजतो. ती बोलत असतेच, डाळिंबाचे भाव, पाहुणे, माझी शुगर. पण ‘शेवटची खेप’ लागलं आणि ती जागा आली की बरोबर तिथं गप्प होते. युवराज, लग्नाला एवढी वर्षं झाली, मला जे जमलं नाही ते तुझ्या गिटारनं केलं. पुढचं लवकर काढा.

तुमचा,
आरिफ तांबोळी

ता. क. तिकीट चिकटवताना पत्र वाचलं म्हणून लिहिते. मी गिटारसाठी गप्प बसत नाही. त्या जागी ह्यांचे डोळे भरतात आणि गाडी रस्ता सोडायला लागते, म्हणून मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत असते. पुढच्या वेळी असं काही वाजवणार असाल तर अगोदर कळवा, ह्यांना बाजूला बसवून गाडी मी चालवीन. - साजिया